आधी पडायला शिका!

"काकू, फेब्रुवारीत आम्ही गुलमर्गला चाललोय. स्नोबोर्डिंग शिकायला. तू पण चल!"

पुण्याहून पुतणीचा फोन आला तेव्हा मी दिवाळीच्या चकल्यांची भाजणी भाजत होते. एका हातात उलथनं, फोन मान वाकडी करून खांद्यावर धरलेला. आधी वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी मोठ्यांदा विचारलं, "काय? बोर्डिंग?" तर बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "कसलं बोर्ड गं? आता या वयात कसल्या बोर्डाच्या परीक्षेला बसतेस?"

खरं सांगते मैत्रिणींनो, पुढचे तीन महिने ही परीक्षाच होती. दहावीच्या बोर्डापेक्षा अवघड. आणि तिचा पहिलाच पेपर मी नापास झाले!

ही गोष्ट २०२३ च्या दिवाळीतली. मी शेहेचाळीस वर्षांची. तालुक्याच्या गावात राहणारी, घर सांभाळून बचत गटांचं आणि आरोग्य शिबिरांचं काम करणारी. बर्फाशी संबंध म्हणाल तर फ्रीजमधला आणि रसवंतीतला. पण पुतणीनं मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. एक मुलगी एका फळीवर उभी राहून पांढऱ्याशुभ्र उतारावरून अशी वळणं घेत येत होती, जशी काही बोटानं रांगोळीची रेघ ओढावी. मी ती तीनदा पाहिली. रात्री सगळे झोपल्यावर चौथ्यांदा पाहिली. मग यांना म्हटलं, "अहो, मी जाऊ का?"

हे म्हणाले, "जा की. पण आधी डॉक्टरांना विचार."

पहिला पेपर: हिमोग्लोबिन

आमच्या डॉक्टरबाईंकडे मी शिबिरांच्या निमित्तानं नेहमी जाते. पेशंट म्हणून मात्र कधी गेले होते ते आठवावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, आणि विचारलं, "ताई, जिना चढताना दम लागतो का?" मी म्हटलं, "तो तर सगळ्यांनाच लागतो." "पाळी कशी आहे?" मी म्हटलं, "गेली दोन वर्षं अंगावरून जास्त जातं. पण या वयात होतंच ना." त्यांनी काही न बोलता खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितलं.

हिमोग्लोबिन आलं ८.२.

मी तो कागद हातात धरून बाकावर बसून राहिले. गेली किती वर्षं मी गावोगावच्या शिबिरांत बायकांना रांगेत उभं करून हिमोग्लोबिन तपासायला लावत होते! "अगं घाबरू नकोस, एक थेंब तर रक्त द्यायचंय," म्हणत होते. बारा असायला हवं, हे तोंडपाठ. आणि त्या रांगेत स्वतः एकदाही उभी राहिले नव्हते. यादी लिहिणारीचं नाव यादीत कधी नव्हतंच.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. उंचावर हवा विरळ, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. तो अंगभर पोहोचवण्याचं काम हिमोग्लोबिनचं. तेच कमी असेल तर वर गेल्यावर दुप्पट ओढाताण. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. आपलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून आणखी हजार मीटर वर जाऊन व्यायाम करायचा! त्या म्हणाल्या, "तिकीट आत्ता काढू नका. आधी रक्त वाढवा. मग बघू."

सोनोग्राफी झाली, अंगावरून जास्त जाण्यावर उपचार सुरू झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही, कारण मग लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. हे मी शंभर बायकांना सांगितलं असेल, पण सकाळचा चहा एक तास लांबवणं किती कठीण असतं ते मला पहिल्यांदा कळलं! सासूबाईंनी न सांगता अळिवाचे लाडू केले. त्यांच्या मनात स्नोबोर्डिंग बसलं नव्हतं, पण "८.२" बसलं होतं.

म्हणून मैत्रिणींनो, बर्फाच्या सहलीची तयारी दुकानात सुरू होत नाही, दवाखान्यात होते. चाळिशी ओलांडली असेल तर हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर तपासा. दमा, हृदयविकार, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर लपवू नका. सहलीच्या तारखेला पाळी येणार म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणून पाळी पुढे ढकलू नका. काही बायकांना त्या गोळ्या धोक्याच्या असतात, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पॅड्स मात्र जास्तीचे न्या, ऐनवेळी शोधाशोध नको.

ही फळी आली कुठून?

माझ्यातली आर्ट्सची विद्यार्थिनी जागी झाली आणि मी जरा वाचून काढलं. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात, हातात दोन काठ्या असतात आणि तोंड समोर असतं. स्नोबोर्डला एकच रुंद फळी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधलेले, हात मोकळे, आणि आपण कुशीवर घसरत जायचं.

याची सुरुवात मजेशीर आहे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी घरात दंगा करणाऱ्या मुलींना बाहेर रमवायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. मुली त्यावर उभ्या राहून टेकडीवरून घसरू लागल्या. या खेळण्याला 'स्नर्फर' हे नाव सुचवलं ते त्यांच्या बायकोनं. 'स्नो' आणि लाटांवरचं 'सर्फिंग' जोडून! पुढे अनेकांनी त्यात सुधारणा केल्या आणि १९९८ च्या जपानमधल्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग हा खेळ म्हणून उतरला. २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्तेर लेडेत्स्का या मुलीनं एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग या दोन्ही खेळांत सुवर्णपदक मिळवलं.

हे सगळं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मुलींना गप्प बसवायला केलेला खेळ. मग ठीक आहे!"

घरच्या घरी व्यायाम

जाणकार सांगतात की स्कीइंग पहिल्या दिवशी सोपं आणि पुढे अवघड. स्नोबोर्डिंगचे पहिले दोन-तीन दिवस अवघड, मग एकदम सोपं वाटू लागतं. ते पहिले दोन-तीन दिवस निभावायचे तर मांड्या, पोट आणि कंबर मजबूत हवी. दिवसातून पन्नास वेळा बर्फात पडायचं आणि पन्नास वेळा उठायचं, हाच खरा व्यायाम. जिमला जायची गरज नाही. किमान आठ-दहा आठवडे आधी सुरुवात करा. माझं सुरुवातीला अगदी थोडं थोडं होतं. जसजसा रक्ताचा आकडा वाढला तसतसं वाढवत गेले.

- भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं. पहिल्या दिवशी मी दहा सेकंदांत खाली आले. जानेवारीअखेर कुकरची एक शिट्टी होईपर्यंत बसू लागले.
- बैठका. जमिनीवर बसून भाजी निवडणारी आपली पिढी यात शहरातल्या मुलींपेक्षा पुढे असते, हे लक्षात ठेवा.
- एका पायावर उभं राहणं. दात घासताना, चहा उकळेपर्यंत. जमलं की डोळे मिटून.
- हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठणं.
- रोज चालणं आणि जिना. चालताना बोलता आलं पाहिजे इतपतच वेग.
- गादीवर पडण्याचा सराव. हो, पडण्याचा! याबद्दल पुढे सांगते.

आणखी एक छोटी चाचणी. स्नोबोर्डवर कोणता पाय पुढे ठेवायचा हे आधी कळलेलं बरं. यांना सांगितलं, मी बेसावध असताना मागून हलकेच ढकला. त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिल्यासारखं ढकललं! तोल सावरायला माझा उजवा पाय पुढे गेला. असा उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांना या खेळात 'गूफी' म्हणतात आणि डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांना 'रेग्युलर'. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही. पण त्याप्रमाणे बोर्ड बांधून मिळतो, म्हणून शिक्षकाला आधी सांगायचं.

कपडे: कांद्यासारखे

आता सगळ्यात मोठा प्रश्न. घालायचं काय? माझा जन्म साडीत आणि फार तर पंजाबी ड्रेसमध्ये गेलेला.

नियम एकच: सुती कपडा नको. आपल्याला सुती म्हणजे चांगलं असं शिकवलेलं असतं, पण बर्फात ते उलटं आहे. सुती कापड घाम आणि पाणी शोषून घेतं, ओलंच राहतं आणि अंगातली ऊब ओढून नेतं. त्याऐवजी कांद्याच्या पाकळ्यांसारखे तीन थर. आतला थर अंगाला चिकटून बसणारा, घाम बाहेर टाकणारा थर्मल. मधला ऊब धरणारा, फ्लीसचा किंवा लोकरीचा. बाहेरचा वारा आणि पाणी अडवणारा, जॅकेट आणि पँट दोन्ही. गरम झालं की मधला थर काढायचा, थांबलो की घालायचा.

मधल्या थरासाठी मी नवीन काही घेतलं नाही. आईनं माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत विणून दिलेला तपकिरी स्वेटर ट्रंकेत होता. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही म्हणून क्वचितच घातलेला. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण गुलमर्गला तिची ऊब माझ्या कामी आली.

बाहेरचं जॅकेट, पँट, बूट, बोर्ड आणि हेल्मेट गुलमर्गला भाड्यानं मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे विकत घेऊन पैसे घालवू नयेत. स्वतःचे न्यायचे ते थर्मल, लोकरीचे लांब मोजे, हातमोजे आणि चष्मा. मोजे एका वेळी एकच जोड घालायचा. दोन घातले तर पाय दाबले जाऊन रक्त कमी फिरतं आणि पाय जास्त गार पडतात. हातमोजे विणलेले नकोत, पाणी न शिरणारे हवेत. बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन डोळे आणि कातडी दोन्ही जाळतं, त्यामुळे चांगला गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीसुद्धा. नाकाखाली, हनुवटीखाली आणि ओठांनाही लावा, कारण ऊन खालूनही येतं.

पँट घालून मी सासूबाईंसमोर उभी राहिले तेव्हा पोटात गोळा आला होता. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "कंबरेला सैल आहे. आत टीप घाल, नाहीतर तिथं घसरशील त्याआधी हीच घसरेल."

आणि एक गंमत. आमच्या गटात शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणी आहेत. बुडाला मार लागतो असं ऐकल्यावर त्यांनी उशीचा फोम कापून माझ्या आतल्या पँटला असा काही शिवून दिला की काय सांगू! बसल्यावर मी चार बोटं उंच दिसायचे. सगळ्या हसून लोळल्या. पण तोच फोम पुढे कामी आला.

हवामान, बातम्या आणि पैसे

जानेवारी २०२४ मध्ये वेगळीच धास्ती. गुलमर्गला बर्फच नाही! भर हिवाळ्यात तपकिरी, उघड्या मैदानाचे फोटो पेपरात छापून येत होते. पुतणीच्या ग्रुपमध्ये दोघांनी तर जाणं रद्द केलं. आम्ही फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला होता, म्हणून थांबलो. जानेवारीअखेर बर्फ पडायला लागला. तेव्हा लक्षात ठेवा, बर्फाची सहल डिसेंबरच्या सुरुवातीला ठरवू नका. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर त्यातल्या त्यात भरवशाचा काळ, पण तोही हल्ली शंभर टक्के नाही. पुढे-मागे करता येतील अशीच तिकिटं काढा.

उत्तराखंडमधलं औली हाही चांगला पर्याय आहे. पण तिथल्या जोशीमठमध्ये २०२३ च्या जानेवारीत जमीन खचू लागल्यावर वर जाणारा रोपवे बंद ठेवला गेला. काश्मीरमध्येही एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर बरीच पर्यटनस्थळं काही काळ बंद ठेवली होती. डोंगरावर जायचं तर निघण्याआधी तिथली ताजी परिस्थिती विचारून घेणं हा तयारीचाच भाग. घरच्यांची काळजी 'जुन्या विचारांची' म्हणून उडवून लावू नका.

पैशांचं म्हणाल तर मी वर्षभर बाजूला टाकलेली रक्कम मोडली. गटात इतरांना कर्जफेडीचे हप्ते शिकवणारी मी, स्वतःसाठी पहिल्यांदाच पासबुकातून पैसे काढले. हात थरथरला, खोटं कशाला बोलू?

वर पोहोचल्यावर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला, ११.४. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जा. पण शहाणपणानं."

श्रीनगरहून टंगमर्ग आणि तिथून चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीतून तेरा किलोमीटरचा चढ. दोन्ही बाजूंना देवदारांवर बर्फ. 'आप की कसम' मध्ये राजेश खन्ना-मुमताज ज्या शिवमंदिरापाशी नाचतात ते टेकडीवरचं मंदिर पाहिलं आणि सासूबाईंच्या वतीनं नमस्कार केला. त्याच वर्षी जूनमध्ये ते मंदिर आगीत जळाल्याची बातमी वाचली तेव्हा हळहळ वाटली.

पहिला दिवस काहीही न करता घालवा. शरीराला विरळ हवेची ओळख होऊ द्या. गरम कहवा प्या, हळू चाला, लवकर झोपा. खोलीत लाकडाची बुखारी किंवा गॅसचा हीटर असेल तर खिडकीला थोडी फट हवीच; बंद खोलीतला धूर दिसत नाही आणि जीव घेतो. त्या वेळी आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथं चालत नव्हतं, पोस्टपेड लागत होतं. म्हणून यांचं सिम घेऊन गेले होते.

शिक्षक ठरवताना सगळं आधी बोलून घ्या. दर माणशी की सगळ्यांचा मिळून, किती तासांचा, त्यात बोर्ड, बूट आणि हेल्मेट आलं का. सरकारी दरपत्रक कुठं लावलंय ते विचारा. आमचे शिक्षक तिथलेच, तिशीतले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "दीदी, फिकर मत करो. पहले गिरना सीखेंगे."

आणि खरंच त्यांनी पहिला अर्धा तास फक्त पडायला शिकवलं.

पुढे पडत असाल तर हात लांब करून तळवे टेकायचे नाहीत. मुठी मिटायच्या, हात छातीजवळ घ्यायचे आणि गुडघ्यांवर, मग कोपरापासूनच्या हातांवर पडायचं. मागे पडत असाल तर हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. खाली बसत बुडावर टेकायचं आणि लोळायचं. हात मागे कधीच टेकायचा नाही. नवशिक्यांची सगळ्यात जास्त मोडतात ती मनगटं, आणि ती याच चुकीनं.

आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीनं मनगटाला लावायचे पट्टे खोलीवरच ठेवले. "मला नाही लागणार," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मागे हात टेकला आणि कट् असा आवाज आला. चोवीस वर्षांची पोर, रडत रडत खाली दवाखान्यात गेली. पट्टे स्वस्तातले असतात, पिशवीत मावतात. ते आणि गुडघ्यांचे पॅड घरूनच न्या.

त्यानंतर एकच पाय बांधून सपाटीवर सरकणं. मग दोन्ही पाय बांधून, उताराकडे तोंड करून, टाचांच्या बाजूच्या कडेवर भार टाकून हळूहळू खाली घसरणं. मग उताराकडे पाठ करून चवड्यांवर तेच. या दोन कडा कळल्या की निम्मं काम झालं. गुडघे कायम वाकलेले हवेत. नजर पायांकडे नको, जायचंय तिकडे हवी. मी पायाकडे पाहिलं की पायाशीच पडायची! उठताना पालथं होऊन गुडघ्यांवरून उठणं सोपं जातं. मध्येच थांबायचं असेल तर कडेला थांबा. आपल्या पुढे खाली असलेल्या माणसाला आपण दिसत नाही, त्याला सांभाळायची जबाबदारी वरच्याची. आणि बोर्ड खाली ठेवताना उलटा ठेवा, नाहीतर तो तुमच्याशिवायच गावाला निघून जातो.

एक नाजूक गोष्ट. तीन थर घातल्यावर बाथरूमला जाणं म्हणजे दिव्य. म्हणून आम्ही बायका काय करतो? पाणीच पीत नाही! उंचावर हे फार वाईट. तहान लागत नाही तरी शरीर सुकतं, डोकं धरतं. पाणी प्या, आणि जाण्यासाठी वीस मिनिटं जास्त धरा. कुणी घाई केली तर करू दे.

न जाण्याचा निर्णय

दुसऱ्या संध्याकाळी माझं डोकं दुखायला लागलं, जेवण नको वाटलं. तिसऱ्या दिवशी सगळे गोंडोल्यानं वर जाणार होते. गोंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, दुसरा अफरवात डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटर. तिकिटं आधीच काढलेली. पुतणी म्हणाली, "काकू, एवढ्या लांब येऊन वर नाही जाणार?"

माझ्याही मनात तेच. पैसे भरलेत, लोक काय म्हणतील, पुन्हा कधी येणार. आपण बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. ८.२ होईपर्यंत मी तेच तर केलं होतं. तेवढ्यात डॉक्टरबाईंचा "शहाणपणानं" हा शब्द आठवला. डोकेदुखी असेपर्यंत वर चढायचं नाही, हा डोंगराचा साधा नियम. मी म्हटलं, "तुम्ही जा. मी आज झोपणार."

ते तिकीट वाया गेलं. मी दिवसभर पांघरुणात पडून कहवा प्यायले, खिडकीतून बर्फ पाहिला. संध्याकाळी डोकं उतरलं. आम्ही परतल्यावर थोड्याच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमकडा कोसळून एका रशियन स्कीअरचा जीव गेल्याची बातमी आली. आखलेल्या उतारांबाहेर जाणं हे नवशिक्यांचं काम नाहीच. जाणत्यांनाही डोंगर कधीकधी माफ करत नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा त्याच छोट्या उतारावर गेले. बारा वेळा पडले. तेराव्यांदा बोर्ड सरकला आणि मी उभीच! टाचेवर भार, गुडघे वाकलेले, नजर समोरच्या देवदारावर. वारा कानाशी शिट्टी घालत होता. पन्नास-साठ फूट असेन फार तर. मग अर्थातच पडले. उताणी, आकाशाकडे तोंड करून, एकटीच मोठ्यांदा हसत. शिक्षक वरून ओरडले, "दीदी, ठीक हो?" मी म्हटलं, "एकदम!" कित्येक वर्षांत इतकं खरं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी मनगटं तपासून पाहिली. मग म्हणाल्या, "पास झालीस का बोर्डात?"

पुढच्या महिन्यात आमच्या गटाचं तपासणी शिबिर होतं. नेहमीसारखी वही उघडली आणि यादीत पहिलं नाव माझं लिहिलं. रांगेत सगळ्यांपुढे उभी राहिले, बोट पुढे केलं. मागून एक काकू म्हणाल्या, "काय गं, तूच पहिली?" मी म्हटलं, "हो. पडायला शिकून आलेय, आता उठायचंय." माझ्यामागे रांग आपोआप लागली. एरवी "मला काही झालेलं नाही" म्हणून मागच्या दारानं निघून जाणाऱ्या दोघी-तिघीही त्यात होत्या.

तुम्ही गुलमर्गला जा, नाहीतर जाऊ नका. स्नोबोर्डवर उभ्या राहा, नाहीतर राहू नका. पण मैत्रिणींनो, या आठवड्यात हिमोग्लोबिन तेवढं तपासून घ्या. आणि कुणी "तू पण चल" म्हटलं, तर लगेच "मी कुठली!" असं म्हणू नका. भाजणी जरा मंद आचेवर ठेवा आणि विचार करा.